वजन उतरवायला शीत-कडी (भात आणि माशांची आमटी) सोडावीच लागते का?

प्रश्न थोडक्यात असा: "मी डिचोलीचा, वय 41, उंची 167 सेंमी, वजन 84 किलो, कंबर 102 सेंमी. पणजीत ऑफिसात बसून काम. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड 1 निघालं, एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) 6.1. जो तो सांगतो भात सोड, मासे बंद कर. एक मित्र किटो (पिष्ट जवळजवळ बंद, चरबी भरपूर असा आहार) कर म्हणतो, दुसरा इंजेक्शन घे म्हणतो. नक्की काय करू? अकरा वर्षांचा मुलगाही जाड होत चाललाय, त्यालाही हेच लागू करायचं का?"

भात सोडू नका. मासे तर मुळीच सोडू नका. मी फोंड्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि "भात बंद केलाय मॅडम" असं अभिमानाने सांगणारी माणसं सतत बघते. काही दिवस निभतं. मग एखाद्या रविवारी घरात सुंगटांचं हुमण (कोळंबीची नारळाची आमटी) शिजतं आणि आठवडाभराची सगळी कसर एका पंगतीत भरून निघते. जे जन्मभर निभावता येणार नाही, ते सुरूच कशाला करायचं?

आधी तुमचे आकडे बघू. तुमचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) 30 च्या थोडा पुढे जातो. आपल्याकडे 23 पासून वजन जास्त आणि 25 पासून स्थूलता धरतात, कारण आपल्या लोकांना युरोपातल्या माणसांपेक्षा कमी वजनावरच मधुमेह गाठतो. मला मात्र तुमच्या बीएमआयपेक्षा कंबर जास्त खटकते. भारतीय पुरुषाची 90 सेंमीच्या आत हवी, बाईची 80 च्या आत. तुमची 102, म्हणजे चरबी कातडीखाली कमी आणि पोटात, यकृताभोवती जास्त साठली आहे. 6.1 चं एचबीए1सी (5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाचा उंबरठा) आणि यकृताचा रिपोर्ट ही त्याचीच दोन लक्षणं. यातून परत फिरता येतं, पण "ग्रेड 1 तर आहे" म्हणून फाईल कपाटात टाकू नका. 2023 साली आयसीएमआर-इंडियाब या देशभरातल्या मधुमेहाच्या पाहणीचे निष्कर्ष आले, त्यात मधुमेहाचं प्रमाण देशात 11.4 टक्के होतं आणि गोवा 26.4 टक्क्यांवर, सगळ्या राज्यांच्या पुढे.

मग गोंयकाराचं नेमकं चुकतं कुठे? माझ्याकडे येणाऱ्याला मी पहिल्या भेटीत डाएट देत नाही. आठवडाभर जे तोंडात गेलं ते वेळेसकट लिहून आणायला सांगते. तुमच्यासारख्या नोकरदाराची वही साधारण अशी असते: सकाळी चहा आणि दोन पाव, लोणी लावून. दहाला ऑफिसच्या खाली भाजी-पाव, सोबत एक मिरची. दुपारी भाताचा डोंगर, त्यावर कडी, बांगड्याचा एक तुकडा तळलेला, भाजी असली तर लोणच्याएवढी. चारला चहा आणि बिस्किटं. सहाला घरी जाताना सामोसा किंवा बन्स. रात्री पुन्हा शीत-कडी, नाहीतर पोदेर (पाववाला) आलेला असतो म्हणून पाव. शनिवारी बियर आणि तिच्याबरोबर येणारं सगळं. आता यातला भात तेवढा काढून टाका. काय उरतं? मैदा, तेल, साखर. ज्याला शिक्षा दिली तो खरा गुन्हेगार नव्हताच.

भात निर्दोष आहे असंही नाही. गुंता प्रमाणाचा आहे. इंडियाबच्याच आहाराच्या पाहणीत, जी 2025 मध्ये आली, भारतीय माणसाची सुमारे 62 टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून येते असं दिसलं. त्यातली मला सगळ्यात कामाची वाटलेली गोष्ट ही की भाताच्या जागी गहू किंवा नाचणीचं पीठ आणलं, पण एकूण पिष्ट तेवढंच ठेवलं, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसत नाही. त्यातला थोडा वाटा डाळ-कडधान्यं, दूधदुभतं, अंडी, मासे यांना दिला की फरक दिसतो. म्हणजे भाताऐवजी चार चपात्या खाऊन काही साधत नाही. उकडा तांदूळ पांढऱ्या सुरयेपेक्षा (न उकडलेल्या तांदळापेक्षा) नक्कीच बरा, धान्य उकडताना कोंड्यातली ब जीवनसत्त्वं आत मुरतात, लाल असेल तर थोडा कोंडाही राहतो. पण उकडा आहे म्हणून दोनदा वाढून घेतला तर हिशेब तिथेच येतो.

तेव्हा ताट उलटं करा. घरातला भाताचा डाव घ्या आणि आज दुपारी किती डाव घेता ते मोजा. बहुतेक पुरुषांचे तीन निघतात. त्याचा दीड करा, आणि मोकळ्या झालेल्या जागेत भाजी येऊ दे: तांबडी भाजी, मुळ्याचा पाला, वाल, भेंडी, दुधी, काहीही, पण निम्मं ताट. उरलेल्या जागेत मासे, एक नव्हे दोन तुकडे. बांगडा किंवा तारले स्वस्त असतात आणि इसवणापेक्षा (सुरमईपेक्षा) ओमेगा-3 च्या बाबतीत जराही कमी नाहीत. इसवणाचं आपल्याकडे नको तितकं कौतुक चालतं. जेवायला बसल्यावर आधी भाजी आणि मासे, भात शेवटी. एवढ्याने जेवणानंतरची साखर कमी चढते.

रवा फ्रायबद्दल एकदा घरी करून बघा. तव्यावर तेल टाकताना चमच्याने मोजून टाका, बांगडे तळून झाल्यावर उरलेलं वाटीत ओता आणि पुन्हा मोजा. जे कमी भरलं ते रव्याने प्यायलं. एका मोठ्या चमचाभर तेलात साधारण 120 कॅलरी असतात, म्हणजे जवळपास एक पाव. रवा न लावता, मीठ-हळद-तिरफळ किंवा नुसता रेशाद मसाला चोळून थोड्या तेलात शेकवलेला बांगडा चवीला कमी नसतो, उलट माशाची चव कळते. माझ्या सासूबाईंना हे पटायला वेळ लागला.

नारळाबद्दल लोक मला फार घाबरत विचारतात. हुमणाला नारळ लागणारच. पण चार माणसांच्या कडीला अख्खा नारळ नको, अर्धा पुरतो. वाटण बारीक वाटलं आणि आमसूल-तिरफळ चोख पडलं की कडी दाटच होते. सोलकढी दररोज वाटीभर पिणाऱ्यांनी आठवड्यातले बहुतेक दिवस फुटी कढी करावी, नारळाचं दूध न घालता.

एक आपल्याकडची खास अडचण सांगते, जी मुंबई-पुण्याच्या डाएट चार्टात सापडणार नाही. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. ताजी मासळी महाग होते, आणि ताटात किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर), सुके बांगडे, खारी सुंगटां येतात. चव लाजवाब, पण मीठ बेसुमार. दिवसाला एकूण 5 ग्रॅम मीठ पुरे, ते सुक्या मासळीत चिमटीतच संपतं. रक्तदाब असेल त्याने खारें (खारवलेली मासळी) भिजवून, धुऊन, चवीपुरतंच घ्यावं. या दिवसांत प्रथिनं अंडी, मूग, चणे, आळसांदे (चवळीसारखं कडधान्य) यांतून काढा. तायकिळा, आळू, लुती या पावसाळी भाज्या तेव्हाच मिळतात, त्या सोडू नका. शिवराक (शाकाहारी) दिवसांचंही तसंच. सोमवारी मासे नाहीत म्हणून बटाट्याची पातळ भाजी, पाव आणि वर गोड पोळे झाले तर तो उपवास वजन वाढवूनच जातो. शिवराक दिवशी तोणाक (मसालेदार रस्सा) करा, पण चवळी-वाटाण्याचं, आणि पाव एकच. पोई म्हणजे आरोग्याचा पाव अशी समजूत आहे. खरी कोंड्याची पोई मिळत असेल तर भाग्यवान आहात, वरून कोंडा भुरभुरलेला मैदा बराच खपतो.

दारूवर प्रवचन देणार नाही, गोव्यात राहते. तुमच्या यकृताला मात्र ती सध्या नको. बियरच्या मोठ्या बाटलीत अडीचशे-तीनशे कॅलरी जातात, फेणीच्या एका पेगात दीडशेच्या आसपास, आणि उर्राकमध्ये (काजूच्या बोंडांच्या सौम्य दारूत) लिंबाचा गोड सोडा ओतला की साखर वेगळी. सहा महिने बंद ठेवा. नंतर काय ते डॉक्टरांशी बोलून ठरवा.

लक्ष्य किती ठेवायचं? 84 वरून 65 वर जायचं स्वप्न बघू नका. वजन 7 ते 10 टक्के उतरलं, म्हणजे तुमच्या बाबतीत सहा ते आठ किलो, की यकृत सुधारतं, साखर खाली येते, बहुतेकांचा रक्तदाबही. आठवड्याला अर्धा किलो पुरे. भराभर उतरवलं तर स्नायू झडतात, पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते, आणि शरीर वजन परत मिळवायला झगडतं: भूक वाढवणारं घ्रेलिन वर जातं, पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन खाली. पुन्हा जाड होणारा माणूस आळशी किंवा जिभेचा गुलाम असतो हे नातेवाईकांचं मत म्हणूनच मला चीड आणतं.

चालणं आठवड्याला किमान 150 मिनिटं, दम लागेल पण बोलता येईल इतक्या वेगाने. आपण दुकानाच्या दारापर्यंत स्कूटर नेणारे लोक. तुम्हाला पणजीत दुपारच्या जेवणानंतर दहा मिनिटं मांडवीच्या काठाने चालता येतं, तेवढ्यानेही साखर आटोक्यात राहते. शिवाय आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम: बैठका, भिंतीला टेकून पुशअप, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं. झोपेत मोठ्याने घोरत असाल आणि दिवसा पेंग येत असेल तर स्लीप अ‍ॅप्नियाची (झोपेत श्वास अडकण्याची) तपासणी करा. थायरॉईडची एकदा करून घ्या, पण दोष तिच्यावर ढकलू नका; तिच्यामुळे वाढतात ते थोडेच किलो.

किटोने सुरुवातीला वजन उतरतं, त्यात पाणी बरंच असतं. शीत-कडीच्या घरात तो टिकत नाही, आणि मधुमेहाची काही औषधं चालू असतील तर धोक्याचाही ठरतो. सकाळी शेक पाजून डबे विकणाऱ्यांपासून लांब राहा.

इंजेक्शनं (सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड) खोटी नाहीत. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत 68 आठवड्यांत सरासरी 15 टक्क्यांच्या जवळ वजन उतरलं, टिर्झेपाटाइडच्या वरच्या डोसावर 20 टक्क्यांच्या आसपास. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता होते, क्वचित स्वादुपिंडाला सूज येते. घरात मेड्युलरी थायरॉईड कॅन्सर असेल तर घेता येत नाहीत. आणि बंद केल्यावर उतरलेल्यातलं बरंचसं वर्षभरात परत येतं. तुमचा बीएमआय आणि साखर बघता डॉक्टर ती सुचवूही शकतील, त्यात गैर काही नाही. आधी सहा महिने ताट आणि चालणं मनापासून करून बघा, मग फिजिशियन किंवा एन्डोक्रायनॉलॉजिस्टशी बोला. मित्राने उरलेलं पेन दिलं तर घेऊ नका.

घरच्यांचंही बघा. एनएफएचएस-5 या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यातल्या सुमारे 36 टक्के बायकांचं वजन जास्त होतं आणि 39 टक्क्यांच्या अंगात रक्त कमी. पावा-चहावर दिवस काढणाऱ्या बाईत दोन्ही एकदम असू शकतं. वहिनींचं हिमोग्लोबिन तपासून घ्या.

मुलाला यातलं काहीही "डाएट" म्हणून लावू नका. तो वाढीच्या वयात आहे. वजन आहे तिथे थांबलं आणि उंची वाढत गेली तरी काम होतं. त्याच्यासमोर त्याच्या पोटावर बोलणं बंद करा, पाहुण्यांनाही बोलू देऊ नका. शीतपेयं आणि चिप्स घरात आणूच नका, म्हणजे नाही म्हणायची वेळ येत नाही. डब्यात पाव-जॅमऐवजी उसळ, अंडं किंवा तांदळाची भाकरी-भाजी. रोज तासभर मैदानावर, रात्री नऊ तास झोप, जेवताना मोबाइल कुणाच्याच हातात नको, तुमच्याही. आणि आज त्याची मान मागून बघा. तिथे किंवा काखेत कातडी काळपट, जाडसर दिसत असेल तर तो मळ नसतो, घासून जाणार नाही. इन्शुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असू शकते. तसं असेल तर या आठवड्यातच बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि साखर तपासा.