बेट मधे, शहर दोन्ही टोकांना

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. तुझा बेत वाचला. पहिल्या बोनसमधून आई-बाबांना मलेशिया दाखवणार, कौतुक आहे. पण डिसेंबरात परहेंतियान बेट? ते आधी खोड. ती बेटं पूर्व किनाऱ्यावर. तिकडे साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी ईशान्य मोसमी वारे समुद्र खवळून टाकतात, बहुतेक रिसॉर्टांना कुलूप असतं. आपली मांडव्याची लाँच आषाढात बंद असते ना, तसंच. त्याच दिवसांत पश्चिम किनाऱ्याजवळचं लंगकावी बेट कोरडं असतं. मे महिन्यात जाणार असतीस तर मीच परहेंतियान सुचवलं असतं. तू रिसॉर्टचे फोटो पाहून निघालीस आणि महिना शेवटी पाहिलास.

दुसरं म्हणजे बेटावरून निघून त्याच रात्री क्वालालंपूरहून मुंबईचं विमान गाठायचं, हे धाडस करू नकोस. मी केलं होतं. परहेंतियानहून किनाऱ्यावरच्या कुआला बेसुत धक्क्याला जाणारी सकाळची बोट लाटांमुळे सुटलीच नाही आणि वेगळ्या काढलेल्या तिकिटांची जबाबदारी कोणी घेईना. तिघांची नवी तिकिटं काढली तेव्हा पूर्ण सहलीच्या हॉटेलखर्चाइतका फटका बसला. लंगकावीचं विमान तासाभराचं असलं तरी शेवटची रात्र शहरातच काढ. खरेदीही तेव्हाच कर, म्हणजे बॅगा बेटावर मिरवायला नकोत.

शहराला सुरुवातीला दोनच दिवस पुरे. पेट्रोनासचे 88 मजली मनोरे रात्री खालच्या बागेतून पाहा. बाबांना वर, दोन मनोऱ्यांना जोडणाऱ्या 41व्या मजल्यावरच्या पुलावर जायचंच असेल तर सोमवार टाळ. बातू लेण्यांतल्या मंदिराला केएल सेंट्रल या मुख्य स्टेशनाहून थेट लोकल आहे. 272 पायऱ्या आहेत, उभ्या. आईच्या गुडघ्यांना त्या झेपणार नाहीत, पण मुरुगनची, म्हणजे आपल्या कार्तिकस्वामीची, 42.7 मीटरची सोनेरी मूर्ती खालूनच दिसते. आपल्याकडे बायकांनी कार्तिकस्वामीचं दर्शन घेऊ नये म्हणतात, त्यामुळे आई जराशी बिचकेल. तिला सांग, तैपूसम या मुरुगनच्या सणाला इथेच तमिळ बायका डोक्यावर दुधाच्या घागरी घेऊन चढतात. हातात खाऊची पिशवी मात्र ठेवू नका; माकडं ती मागत नाहीत, घेतात. जेवायला ब्रिकफील्ड्स, शहरातली भारतीय वस्ती. केळीच्या पानावर भात-सांबार मिळालं की बाबांचा परदेश अर्धा सुसह्य होईल.

लंगकावीला मात्र घाई नको. माट चिंचांग डोंगराची केबल कार सकाळीच उरक, वारा सुटला की ती थांबवतात. वरचा 125 मीटरचा वळणदार पूल एकाच खांबावर तोललेला आहे. बाबा मधोमध जाऊन उभे राहतील, आई कठड्याशीच. संध्याकाळ चेनांग किनाऱ्याच्या वाळूत घालवा. तिथलं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास, त्यामुळे डिसेंबरातही सूर्य सात वाजून गेल्यावर बुडतो. पाण्यात उतरण्याआधी जेलीफिशबद्दल रिसॉर्टवाल्याला विचारच, काहींचा डंख जिवावर बेततो.

खोली घेताना ‘सी व्ह्यू’पेक्षा वाळू किती पावलांवर आहे ते विचार. खिडकीतला समुद्र आईला दोन दिवसांत जुना होईल. आणि बाबांच्या पहाटे पाचच्या उठण्याची काळजी सोड. त्यांचे पाच म्हणजे तिथले साडेसात. बाहेर नुकतं उजाडलेलं असेल आणि नाश्त्याच्या हॉलमध्ये चहा तयार असेल.

तुझा,
काका