जॅकेटवर, बॅगवर एनॅमल पिना लावल्या तर पोरकट दिसतं का? साडीवर चालतात का?

'पोरकट' हा शब्द वाचला आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले. नाही, पोरकट दिसत नाही. एनॅमल पिन म्हणजे मागे काटा असलेला धातूचा छोटा रंगीत बिल्ला. ती चुकीच्या कापडावर, आधाराशिवाय लावली आणि लोंबायला लागली की वाईट दिसतं. तो दोष पिनेचा नाही. हे मी भर लग्नात शिकले आहे, म्हणून खात्रीने सांगते.

मी सोलापूरची. आमचं गाव लोकांना चादरीमुळे माहीत असतं, पण इथे गणवेश शिवायचा धंदाही मोठा आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका युनिटमध्ये मी सॅम्पल शिवते. शाळेचे ब्लेझर, सिक्युरिटीवाल्यांचे शर्ट, हॉटेलचे कोट. बिल्ला कुठे बसतो, नेमप्लेटखाली कापड कुठे फाटतं, हे माझं रोजचं काम.

पण बिल्ल्याचं शिक्षण घरातलंच. आमचे अप्पा एसटीत कंडक्टर होते, ३१ वर्षं. खाकी शर्टाच्या खिशावर पितळी बिल्ला. नवीन शर्ट आला की आई आधी खिसा उसवायची, आतून मांजरपाटाची दुहेरी घडी ठेवून चारी बाजूंनी टीप मारायची आणि मग खिसा परत बसवायची. शर्ट कॉलरला विरला, काखेत फाटला, तरी बिल्ल्याची जागा शेवटपर्यंत धड असायची. रविवारी अप्पा बिल्ला चिंचेच्या कोळाने घासून खिडकीत वाळत ठेवायचे. आम्हाला त्याला हात लावायची परवानगी नव्हती.

२०१७ च्या एप्रिलअखेर अप्पा रिटायर झाले आणि मे महिन्यात आमच्या चुलत बहिणीचं लग्न होतं. पुण्याच्या मैत्रिणीने मला एक एनॅमल पिन दिली होती, लालपरीची. दोन इंच लांब लाल बस, खिडक्या पांढऱ्या, चाकं काळी, मागे एकच काटा. ती लग्नात लावायची आणि अप्पांना दाखवायची, असं मी महिनाभर मनात धरून होते. आईची जुनी इरकल नेसले आणि खांद्यावर पदराच्या निऱ्यांवर पिन लावली.

इरकल ज्यांनी हातात घेऊन पाहिली आहे त्यांना आता पुढचं कळलं असेल. तिचा पदर वेगळ्या ताण्याचा, म्हणजे वेगळ्या उभ्या धाग्यांचा असतो. अंगाचा ताणा सुती, पदराचा रेशमी, आणि दोन्हींचे धागे एकमेकांत फासे अडकवून जोडलेले. मी पिन नेमकी त्या जोडावर टोचली. आतून काही आधार नाही, काटा एकच, आणि बस चांगली वजनदार. अक्षता पडेपर्यंत ती फिरून उलटी झाली होती, चाकं वर.

तेवढ्यात दादा आला. म्हणाला, "काय बे हे? बिल्ला लावून हिंडायला तू काय हमाल आहेस का?"

अप्पा शेजारच्याच खुर्चीवर होते. त्यांनी हातातली लग्नपत्रिका घडी घालून खिशात ठेवली आणि हात धुवून येतो म्हणून उठले. जेवायची वेळ झालेली नव्हती.

मी रागाने पिन ओढून काढली आणि जोडाचे फासे सुटले. बोटभर जागा. दादा नवी पेठेत कापड दुकानात आहे, त्याला कापड कळतं, तो लगेच म्हणाला, "बघ, साडीपण गेली. पिना म्हणजे कापडाचा नाश." तेव्हापासून घरात पिनेचा विषय निघाला की तो हेच वाक्य बोलतो. त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही. आता देते, तुमचंही काम होईल.

मागावर विणलेल्या कापडात काटा शिरतो तेव्हा तो बहुतेक वेळा धागा तोडत नाही, बाजूला सारतो. म्हणून डेनिम, खादी, कॅनव्हास यांवरून पिन काढून भोकावर नखाने आडवं-उभं घासलं किंवा वाफेची इस्त्री दिली की भोक मिटतं. टी-शर्टचं होजिअरी कापड निराळं. ते एकाच धाग्याच्या फाशांचं विणकाम असतं, एक फास तुटला की खाली शिडी उतरत जाते. घट्ट विणीच्या रेशमात धाग्याला सरकायला जागा नसते, तो तुटतो. थोडक्यात, डेनिम जॅकेटवर बिनधास्त लावा, टी-शर्टवर लावू नका, आणि रेशमाला भोक पाडायचंच नाही.

दुसरं, वजन. पिन कापडाच्या बाहेर असते, म्हणून ती वरून पुढे झुकते आणि सगळा ताण एका भोकावर येतो. आतून आधार द्या. आमच्याकडे पेस्टिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) लावतो किंवा बकरमचा, म्हणजे कडक कापडाचा, तुकडा. घरी जुन्या जीन्सचा रुपयाएवढा गोल कापून कापडाच्या मागे ठेवा, काटा दोन्हींतून काढा आणि मग क्लच, म्हणजे काट्यामागची टोपी, लावा. इंचापेक्षा मोठी पिन असेल तर दोन काट्यांचीच घ्या, ती फिरत नाही. पत्र्याचा फुलपाखरी क्लच बॅगवर टिकत नाही, गर्दीत कुठे पडला कळतही नाही. रबरी बरा, आणि लॉकचा मिळाला तर सर्वांत उत्तम.

घेताना पिनेवरून नख फिरवा. रंग खोलगट आणि धातूच्या रेषा वर लागल्या तर सॉफ्ट एनॅमल. त्या खाचांत आमच्याकडची धूळ बसते आणि ओढणीचे धागे अडकतात. सपाट लागली तर हार्ड एनॅमल, कपड्यासाठी हीच घ्या. (खरं एनॅमल म्हणजे धातूवर काचेची पूड ८०० अंशांच्या आसपास भाजून बसवतात ते, आपल्या मीनाकारीसारखं. बाजारातल्या बहुतेक पिनांत रंगीत राळ असते, ती कमी आचेवर भाजतात. त्यात वाईट काही नाही, फक्त मीनाकारीच्या भावाने विकत घेऊ नका.) लोहचुंबक लावून बघा. चिकटली तर आत लोखंड आहे, घामाने गंजणार आणि पांढऱ्या शर्टावर तपकिरी डाग पडणार. सोलापूरच्या उन्हाळ्यात याला वेळ लागत नाही.

मांडणीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. जॅकेटच्या एकाच बाजूला लावा, दुसरी मोकळी सोडा. एक मोठी आणि तिच्याजवळ दोन लहान, तिन्हींची कड एकाच धातूरंगाची. दहा पिना सारख्या अंतरावर लावल्या की दुकानाचा बोर्ड दिसतो. बॅगच्या पोटावर लावण्यापेक्षा वरच्या पट्ट्याजवळ लावा, पोट भिंतीला आणि माणसांना घासतं. आणि जी पिन लावाल तिच्याशी तुमचं काही नातं असू द्या. नुसती गोंडस म्हणून घेतलेली पाव-पिझ्झाची पिन चाळिशीतल्या माणसाच्या कोटावर पोरकट दिसते, हे मी मान्य करते.

साडीवर हवी असेल तर पदराला हात लावू नका. ब्लाउजच्या खांद्यावर लावा, तिथे अस्तर असतं आणि शिवणही असते. नाहीतर चुंबकाच्या पाठीची पिन घ्या, तिला काटाच नसतो. मात्र घरात कोणाला पेसमेकर असेल तर छातीजवळ चुंबक नको, आणि लहान मुलांच्या हाती तो लागू देऊ नका. निकेल धातूची खाज येणाऱ्यांनी काट्याचं टोक अंगाला लागणार नाही एवढं जाड अस्तर ठेवावं. धुण्याआधी पिना काढायच्या हे वेगळं सांगत नाही.

इरकलीचा जोड मी नंतर भिंग लावून, रेशमी धाग्याने, एकेक फास उचलून परत बसवला. दोन रविवार गेले. आई ती साडी अजून नेसते. लालपरी माझ्या डेनिम जॅकेटच्या खिशावर आहे, आतून मांजरपाटाची दुहेरी घडी, आई लावायची तशीच. चार वर्षं झाली, जागची हललेली नाही.

दादा, तू इथे वाचतोस ते मला माहीत आहे. साडी माझ्यामुळे गेली होती, पिनेमुळे नाही, ते मी आज लिहून दिलं. हमालाचं आणि बिल्ल्याचं जे बोललास ते अप्पांसमोर जाऊन परत घे.