रोमहर्षक भयकथेत हर्ष कुठून आला?

प्रश्न असा आहे : "भयकथेला 'रोमहर्षक' म्हणणे योग्य आहे का? त्या शब्दात तर 'हर्ष' आहे. की लोकांना भयकथा वाचताना आनंद होतो, म्हणून तसे म्हणतात?"

उत्तराआधी एका शेजारच्या शब्दाविषयीचा राग मोकळा करतो, कारण तो साचला आहे. हल्ली 'रोमांचक' हा शब्द सर्रास 'रोमँटिक'च्या जागी वापरला जातो. मेणबत्त्यांच्या उजेडातील जेवणाला जाहिरातीत 'रोमांचक संध्याकाळ' म्हटलेले मी एकदा नव्हे, अनेकदा वाचले आहे. 'रोमान्स'चे मूळ रोम शहराच्या नावात आहे आणि 'रोमांच'चे मूळ अंगावरच्या केसांत. त्यांचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही. जेवताना अंगावरची लव उभी राहत असेल, तर आधी भाजीत काय पडले आहे ते पाहावे.

'हर्ष' म्हणजे आनंद, हे सर्वांना ठाऊक आहे, म्हणून त्यावर शाई खर्च करीत नाही. माझे म्हणणे असे की, हा अर्थ नंतरचा आहे. 'हृष्' या धातूचा मुळातला अर्थ ताठ उभे राहणे, शहारणे हा असून मनातल्या आनंदाला हे नाव अंगावरच्या काट्यामुळे मिळाले. यावर आमच्या ओळखीचे एक निवृत्त संस्कृत शिक्षक धातुपाठ, म्हणजे संस्कृत धातूंची अर्थांसह केलेली यादी, पुढे करतात आणि 'हृष तुष्टौ' (हृष् म्हणजे संतुष्ट होणे) असे बजावतात. त्यांच्या मते 'रोमहर्ष' म्हणजे केसांना झालेला आनंद, अर्थात लाक्षणिक प्रयोग. त्यांना माझा प्रतिप्रश्न असा की, मग दातांना कसला आनंद होतो? पाणिनीने 'हृषेर्लोमसु' (७.२.२९) असे स्वतंत्र सूत्र करून केसांच्या बाबतीत या धातूच्या रूपांना विकल्प दिला आणि वार्तिककारांनी, म्हणजे त्या सूत्रांना पुरवणी जोडणाऱ्यांनी, त्यात विस्मय आणि प्रतिघात (आघात) या दोन अर्थांची भर घातली. प्रतिघाताचे उदाहरण म्हणजे 'हृष्टाः दन्ताः', म्हणजेच आंबलेले दात. आयुर्वेदात दातांच्या या विकाराला 'दंतहर्ष' असेच नाव आहे. आंबट कैरी खाऊन दात आंबलेल्या मुलाला कोणी 'हर्ष झाला का रे बाळा?' असे विचारीत नाही. केस, दात आणि विस्मय या तिन्हींना जोडणारा धागा शिरशिरीचा आहे, तुष्टीचा नव्हे.

आता ज्यासाठी हे उत्तर लिहावयास घेतले, ते सांगतो. इंग्रजी 'हॉरर' हा शब्द लॅटिन 'होर्रेरे' या क्रियापदापासून आला आहे आणि त्याचाही मूळ अर्थ केस ताठ उभे राहणे, शहारणे, थरथरणे असाच आहे. हे लॅटिन क्रियापद आणि आपला 'हृष्' एकाच आदिम धातूपासून निघाले आहेत. ही केवळ कानाला भासणारी सारखेपणाची गंमत नव्हे, कारण शेजारीच दुसरी जोडी तशाच नियमाने उभी आहे : संस्कृत 'तृष्' आणि लॅटिन 'तोर्रेरे', म्हणजे सुकवणे, करपवणे. दोन्हीकडे संस्कृतातील 'ऋ' आणि 'ष्' यांच्या जागी लॅटिनमध्ये 'ओ' आणि जोड 'र्र' आला आहे. आरंभीच्या 'ह'ची साक्ष हवी असेल, तर आपला 'हिम' आणि हिवाळ्यासाठीचा लॅटिन शब्द 'हिएम्स' एकमेकांशेजारी ठेवून पाहावेत. तात्पर्य, 'हॉरर' आणि 'हर्ष' ही सख्खी भावंडे आहेत. एक पश्चिमेकडे जाऊन भीतीच्या घरी राहिले, दुसरे आपल्याकडे आनंदाच्या घरी वाढले आणि दोघांच्याही अंगावर जन्मखूण म्हणून तोच काटा राहिला.

येथे दोन पक्षांचे समाधान होणार नाही, याची मला कल्पना आहे. सगळी इंग्रजी संस्कृतातून निघाली असे मानणाऱ्यांनी उत्साहाने पुढे येऊ नये. 'हॉरर' हे 'हर्षा'चे अपत्य नव्हे, दोघांचे आईबाप एकच आणि संस्कृत व लॅटिन या दोहोंहून जुने आहेत. 'हॉरर' हा परका शब्द हद्दपार करा म्हणणाऱ्यांनी मात्र थोडा विचार करावा. 'भयकथा' हा शब्द उत्तम आहे, मी स्वतः तोच वापरतो. पण त्यात मनातले भय आहे, अंगावरचा केस नाही. तो केस आपल्या 'रोमहर्षक'मध्ये आहे.

भय आणि हर्ष एकाच शरीरात कसे नांदतात, हे पाहावयाचे असेल तर गीता उघडावी. पहिल्या अध्यायात अर्जुन 'वेपथुश्च शरीरे मे रोमहर्षश्च जायते' असे म्हणतो, तेव्हा त्याला आनंद झाला आहे असे कोणताही टीकाकार म्हणू शकणार नाही. अकराव्या अध्यायात विश्वरूप पाहून तो 'अदृष्टपूर्वं हृषितोऽस्मि दृष्ट्वा भयेन च प्रव्यथितं मनो मे' असे म्हणतो. म्हणजे कधी न पाहिलेले पाहून मी शहारलो, हरखलो आहे आणि भयाने माझे मन व्याकूळही झाले आहे. दोन्ही एकाच दमात. त्याआधी त्या विक्राळ दाढा पाहून भेदरलेला हाच अर्जुन 'आख्याहि मे को भवानुग्ररूपः', हे उग्ररूपधारी, तू कोण ते मला सांग, अशी विनंती करतो. कोकणात सुट्टीच्या रात्री वीज गेल्यावर पिंपळावरच्या मुंजाची गोष्ट ऐकताना पांघरूण डोक्यावरून ओढून घेणारे आणि आतूनच 'मग पुढे काय झालं, आजी?' असे विचारणारे पोर याहून वेगळे काय करते? याच अध्यायात अर्जुन कृष्णाला 'हृषीकेश' अशी हाक मारतो. 'हृषीक' म्हणजे इंद्रिये आणि त्यांचा ईश, ही रूढ फोड आहे. परंतु 'हृषी' आणि 'केश' अशीही फोड जुन्या भाष्यात सापडते आणि मला तीच अधिक प्रिय आहे. विषयांतर झाले, हे मान्य. पण केसांच्या चर्चेत त्याला जागा न देणे मला जमले नसते.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. नैमिषारण्यात ऋषींना महाभारत ऐकविणारा उग्रश्रवा सूत हा लोमहर्षणाचा पुत्र. श्रोत्यांच्या अंगावरचे केस उभे करतो म्हणून त्या पित्याचे नाव लोमहर्षण, अशी व्युत्पत्ती पुराणांनीच दिली आहे. कथेकऱ्याचा गुण त्याच्या नावातच नोंदवून ठेवणाऱ्या संस्कृतीत भयकथेची आवड पश्चिमेकडून आली असे म्हणणाऱ्यांची मला कीव येते.

भरताच्या नाट्यशास्त्रात रोमांच हा आठ सात्त्विक भावांपैकी, म्हणजे मनातल्या भावनेच्या शरीरावर आपोआप उमटणाऱ्या खुणांपैकी, एक असून त्याच्या कारणांत स्पर्श, भय, थंडी, हर्ष, क्रोध आणि रोग ही सारी एकत्र दिली आहेत. शरीराच्या बाजूने हे अगदी खरे आहे. केसाच्या मुळाशी असलेला इवलासा स्नायू आखडतो आणि केस उभा राहतो. भयाने, थंडीने किंवा एखाद्या सुराने मन हेलावल्याने, तोच स्नायू आणि तीच हालचाल. मांजर घाबरले की फुगून दुप्पट दिसते, आपल्या अंगावर तेवढी लव उरली नाही म्हणून नुसता काटा येतो. संस्कृत कवींनीही या अवस्थेला 'कंटकित' म्हटले आणि आपण आजही 'काटा आला' म्हणतो, मग तो स्मशानातल्या गोष्टीने येवो किंवा भैरवीने.

मग भयकथेतले भय हवेसे का वाटते? ॲरिस्टॉटलच्या विरेचनाचा, म्हणजे नाटक पाहून मनात साचलेल्या भयाचा निचरा होतो या मताचा, दाखला येथे हमखास दिला जातो, जणू भयकथा म्हणजे एरंडेलाचा चमचा. मला नाट्यशास्त्राचा भाष्यकार अभिनवगुप्त याचे विवेचन अधिक पटते. शाकुंतलाच्या आरंभी दुष्यंताच्या रथापुढे मान वळवून वळवून पाहत धावणारे हरीण आहे. ते खरोखर भ्यालेले आहे; परंतु ते भय प्रेक्षकाचे नाही, त्याच्या शत्रूचे नाही, मित्राचेही नाही. स्थळ, काळ आणि व्यक्ती यांच्या बंधनांतून सुटलेले भय तेवढे उरते आणि त्याचाच भयानक रस होतो. स्वतःच्या जिवाची चिंता वजा झाली की उभ्या राहिलेल्या केसाला पळून जाण्याचे काम उरत नाही.

तेव्हा भयकथेला 'रोमहर्षक' खुशाल म्हणावे. वर्तमानपत्रांनी मात्र 'घाटात रोमहर्षक अपघात' असे मथळे देणे थांबवावे, कारण त्या दरीत पडलेली माणसे कोणाची तरी असतात. तेथे 'भीषण' हा शब्द पुरेसा आहे.