पोंतियानाकला ओरडायला लावू नकोस

प्रिय बाळ,

क्वालालंपूरहून पाठवलेली तुझी संहिता दोनदा वाचली. पोंतियानाकवर, म्हणजे मलय लोककथांतल्या त्या बाईच्या भुतावर, नाटक करायचं धाडस केलंस, फार बरं वाटलं. पण पहिल्याच प्रवेशात ती किंकाळी फोडत येते, ते मात्र काढ.

मलय घरांतली जुनी माणसं काय सांगतात? रडणं मोठ्यानं ऐकू आलं तर ती लांब आहे. आवाज बारीक झाला की समजावं, अगदी जवळ आली. नाटकवाल्याला आणखी काय हवं! तालमीत करून बघ. नटीला दाराबाहेर मोठ्यानं रडू दे. मग प्रेक्षकांच्या पाठीमागून ती एकेक पाऊल पुढे येईल तसतसा आवाज उतरू दे. खुर्चीपाशी पोचेपर्यंत नुसता श्वास उरला पाहिजे. तेवढ्यात कंबोजाचा, म्हणजे आपल्या खुरचाफ्याचा वास येऊ दे. तिकडे ही झाडं कबरस्तानात असतात, त्यामुळे त्या वासाचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. मी एकदा नेमकं उलटं केलं होतं. मोठा स्पीकर, लाल प्रकाश. लोक दचकले, लगेच हसले, आणि पुढचा सगळा प्रयोग हातातून गेला.

बाळंतपणात किंवा पोटुशी असताना गेलेली बाई म्हणजे पोंतियानाक. आपल्याकडची अळवंतीण तीच. दोन्हीकडे भीती एकच, बाळंतिणीच्या खोलीतली. पेनांगालानचंही तसंच: धडावेगळं मुंडकं, खाली आतडी लोंबताहेत, रोख बाळंतिणीवर. म्हणून घराला मेंगक्वांगची काटेरी पानं बांधायची, आतडी त्यात अडकावीत म्हणून. तुझ्या नेपथ्यात एवढी पानं खरी असू देत. नटांच्या हाताला काटा लागला पाहिजे.

खिळ्याच्या प्रवेशावर मात्र तुला थांबवावंसं वाटतं. मानेत खिळा ठोकला की ती देखणी, गुणी बायको होते, उपटला की पुन्हा पोंतियानाक. तू तिथे नायकाला टाळ्या मिळवून देतेस. 1957 साली सिंगापुरात मारिया मेनादो या नटीनं तिला पडद्यावर आणलं, तेव्हापासून ती किती जणांनी रंगवली! पण तो हातोडा धरणारा हात कुणाचा, हे मला रंगमंचावर जवळून बघायचंय. खिळा बसल्यावर ती हसते ना, तेव्हा तिथे प्रकाश बदलू नकोस. लोकांना बघत बसू दे.

आणखी एक. मलेशियातल्या केलांतान राज्यातलं मैन पुतेरी हा रोग्याला बरं करण्याचा विधी आहे. त्यातले मंत्र उचलू नकोस. घ्यायचीच तर रीत घे: तोक पुतेरीच्या, म्हणजे विधी करणाऱ्या मांत्रिकाच्या, अंगात येतं, रेबाब हे तंतुवाद्य वाजवणारा तोक मिंदुक त्याच्याशी बोलतो, कोण आहेस, काय हवंय विचारतो. भुताला हाकलण्याआधी विचारायचं! तुझ्या नाटकात तिला अजून कुणी काही विचारलेलंच नाही. तिकडच्या कलावंतांपाशी जाऊन बस, परवानगी माग. त्याच मातीतल्या माक योंग या नृत्यनाट्यावर केलांतानात 1991 पासून 2019 पर्यंत बंदी होती. ज्यांनी तेवढ्या काळात ते जपलं, त्यांच्याशी घाईनं वागू नये.

पुढच्या तालमीला तू शेवटच्या रांगेत डोळे मिटून बस. ती मागून आलीय हे कधी कळलं, ते मला लिही.

अनेक आशीर्वाद.