सहा महिने कपाटात पडलेली काठी

तुमचा प्रश्न दोनदा ऐकला, मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरवर. वय छत्तीस, आरपी (रेटिनायटिस पिग्मेंटोसा, डोळ्याच्या पडद्याचा हळूहळू वाढणारा आजार), अंधार पडला की जवळपास काहीच दिसत नाही. दिवसा समोरचं ठीक दिसतं, पण बाजूचं आणि पायापाशीचं गेलंय. मोबिलिटी, म्हणजे काठीनं एकट्यानं चालणं-फिरणं शिकवणाऱ्या बाईंनी घडीची पांढरी काठी दिली, ती सहा महिने कपाटात पडून आहे. आई म्हणते, काठी धरलीस की संपलंच सगळं. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, "ताई, मन तयार व्हायला किती वेळ लागतो? एकदा स्वीकार झाला की काठी घेईन म्हणतो."

घोडं इथंच पेंड खातंय. याच वाक्यावर मी चार वर्षं काढली. त्या चार वर्षांत मन काही तयार झालं नाही, गुडघा मात्र दोनदा फुटला. काठी घेतली ती निव्वळ भीतीपोटी, तीही रडत. मग वर्षभरानं कधीतरी रात्री झोपताना लक्षात आलं की आज सबंध दिवसात काठीचा विचार मनात आला नाही. चष्मा लावणाऱ्याला दिवसभर चष्म्याचा विचार येत नाही, तसं. स्वीकार म्हणतात तो हाच असेल तर तो काठीच्या मागून आला. तुम्ही त्याची पुढे उभं राहून वाट बघताय. आणि तो एकदाच येऊन कायमचा राहतो असंही समजू नका. आरपीत दृष्टी हळूहळू उतरते. मधे दोन-तीन वर्षं काही बदल जाणवत नाही आणि मग एक दिवस पुस्तकातली ओळ सापडेनाशी होते. असं झालं की मी अजूनही आठवडाभर घरात चिडचिड करते.

"मला अजून दिसतं, मग काठी घेतली तर फसवणूक नाही का?" हा तुमचा दुसरा प्रश्न. हा प्रश्न पडणारे तुम्ही एकटे नाही, थोडं दिसणाऱ्या जवळपास प्रत्येकाला तो पडतो. आरपीत आधी डोळ्याच्या पडद्यातल्या रॉड पेशी जातात. कमी उजेडात आणि कडेकडेचं बघण्याचं काम त्यांचं. मधली, बारीक अक्षरं आणि रंग बघणारी कोन पेशींची दृष्टी बरीच वर्षं टिकते. म्हणून तर आपण मोबाईलवरचा मेसेज वाचतो आणि पुढच्याच पावलाला स्टुलावर आपटतो. धडधाकट माणसाला दोन्ही डोळे मिळून आडवं साधारण १८० अंश दिसतं. बऱ्याच देशांत हे क्षेत्र २० अंशांवर आलं की कायद्यानं अंध धरतात, मग मधली नजर कितीही चांगली असो. अंध म्हणजे काळाकुट्ट अंधार ही समजूत डोळस लोकांची आहे. कायद्यानं अंध ठरलेल्या बहुतेकांना काही ना काही दिसतं, निदान उजेड तरी कळतो. काठी तुमच्या डोळ्यांतल्या गेलेल्या भागासाठी आहे. उरलेल्या भागानं खुशाल मोबाईल वाचा. बसमध्ये काठी मांडीवर ठेवून मी मेसेज वाचत होते तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "दिसतंय की हिला!" पहिल्यांदा कान गरम झाले. आता मी मान वळवून सांगते, "हो, मुठीएवढं दिसतं." बहुतेक जण गप्प होतात. एका आजोबांनी मात्र खरंच मूठ डोळ्याला लावून बघितलं आणि पुढचे चार स्टॉप मला प्रश्न विचारत बसले.

लपवण्याचं म्हणाल तर माझ्याइतकं कुणी लपवलं नसेल. काठी घरापासून उघडून चालायची आणि ऑफिस दोनशे पावलांवर आलं की घडी करून पिशवीत. का, तर तिथल्या लोकांना कळू नये. मग दारापासच्या तीन पायऱ्या मोजून चढायच्या, लिफ्टचं बटण चाचपडायचं, कुणी हात हलवला तर अंदाजानं हसायचं. एक दिवस पायऱ्यांची दुरुस्ती झाली आणि तीनाच्या चार झाल्या. पडले ती सगळ्यांसमोरच. माझा गुडघा बांधता बांधता शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, "आम्हाला वाटायचं तुला गर्व आहे. समोरून ओळख देत नाहीस, हात पुढे केला तर बघत नाहीस." आंधळी दिसू नये म्हणून केलेल्या खटपटीत मी इतके दिवस शिष्ट दिसत होते! दुसऱ्या दिवशी काठी थेट टेबलापर्यंत नेली. तासभर लोक विचित्र वागले. नंतर सगळे आपापल्या कामाला लागले, आणि मला जरासं वाईटच वाटलं की एवढीच किंमत होती या गुपिताची.

काठीच्या इतिहासातली एक गोष्ट मला फार उपयोगी पडली. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचे जेम्स बिग्ज हे छायाचित्रकार अपघातात दृष्टी गेल्यावर वाहनांच्या धास्तीनं १९२१ साली आपली काठी पांढरी रंगवून चालायला लागले. १९३१ साली पॅरिसमध्ये गिली देर्बमाँ या बाईंनी पांढऱ्या काठ्या वाटल्या. या काठ्यांचं मुख्य काम होतं गाडीवाल्यांना दिसणं. त्या आखूड असत, रस्ता तपासायला फारशा कामाच्या नव्हत्या. पुढे दुसऱ्या महायुद्धात डोळे गमावलेले सैनिक अमेरिकेतल्या व्हॅली फोर्ज इथल्या लष्करी रुग्णालयात आले. तिथे रिचर्ड हूवर यांनी लांब, हलकी काठी पावलांच्या तालात डावी-उजवीकडे फिरवायची पद्धत बसवली. आज जगभर शिकवतात ती तीच. म्हणजे आपल्या हातातली ही एक वस्तू दोन वेगळ्या कामांसाठी दोन वेळा घडली आहे. तिचा रंग लोकांसाठी आहे आणि लांबी आपल्यासाठी. तुमची सगळी लाज रंगाची आहे आणि त्यापायी तुम्ही लांबीही कपाटात ठेवली आहे. सुरुवातीला रंग नकोच वाटत असेल तर जिथं कुणी ओळखत नाही अशा भागात जाऊन शिका. मी तसंच केलं, त्यात कमीपणा काही नाही.

आता प्रत्यक्ष काठी. आधी लांबी बघा. सरळ उभं राहून काठी जमिनीवर उभी धरली की जुन्या हिशेबानं ती छातीच्या मधल्या हाडापर्यंत यावी. झपाझप चालणारे हनुवटीपर्यंतची घेतात, मीही तशीच वापरते. कारण काठी तुम्हाला फार तर एक-दोन पावलं आधी खबर देते. चालण्याचा वेग जास्त असेल तर तेवढं अंतर जास्त लागतं. आखूड काठीनं माणूस वाकून, बिचकत चालतो आणि बघणाऱ्यालाही तो बिचारा वाटतो. लांब काठीनं पाठ आपोआप सरळ राहते.

हात पोटासमोर, बेंबीच्या रेषेत. मूठ ढिली, तर्जनी दांड्याच्या बाजूनं सरळ खाली, आणि हलवायचं ते मनगट. खांद्यापासून हात हलवलात तर दहा मिनिटांत दुखायला लागेल. टोक दोन्ही खांद्यांच्या बाहेर बोटभर जाईल एवढाच झोका. उजवं पाऊल पुढे पडताना टोक डावीकडे हवं, कारण पुढचं डावं पाऊल तिथंच पडणार असतं. ऐकायला सोपं वाटतं, पण पहिले काही दिवस माझं टोक आणि पाऊल एकाच बाजूला जायचं. बाई मागून नुसतं "ताल गेला" म्हणायच्या, की थांबून पुन्हा सुरुवात. दुसरी चूक कळायला मला महिना लागला. माझा हात मधून सरकून उजव्या कुशीकडे जायचा, झोका उजवीकडे मोठा पडायचा आणि मी हळूहळू तिरकी जात दर वेळी रस्त्याच्या कडेला लागायची. मला वाटायचं मला दिशाच कळत नाही. प्रत्यक्षात दोष चार बोटं सरकलेल्या मनगटाचा होता.

टोक उचलून दोन बाजूंना टेकवत जायची एक पद्धत आणि जमिनीवरून घासत न्यायची दुसरी. घासत नेलं की बारीक खळगे आणि पायरीची कड चुकत नाही, म्हणून नवख्याला मी तीच सांगते. फक्त टोक फटीत अडकलं की दांडा थेट पोटात बसतो. दोनदा बसला की मूठ ढिली का ठेवायची ते कायमचं समजतं.

उतरत्या पायऱ्यांची भीती तुम्ही लिहिली आहे, म्हणून त्यावर जरा जास्त. घासत जाता जाता टोकाखालची जमीन एकदम नाहीशी होते आणि मनगटाला छोटा झटका बसतो. तिथं थांबायचं. टोक मागे ओढून कड शोधायची, काठीच्या मागोमाग पाय सरकवत बुटाचं टोक त्या कडेवर आणायचं. मग काठी खाली सोडून पहिली पायरी किती खोल आहे ते बघायचं, टोक पुढे ढकलून ती किती रुंद आहे ते बघायचं. त्यानंतर टोक तुमच्या एक पायरी पुढे, जेमतेम तरंगत धरून उतरायचं. ते जमिनीला टेकून सपाट सरकायला लागलं की एकच पायरी उरली. काठीशिवाय मी शेवटची पायरी कायम दोनदा उतरायची, एकदा खरी आणि एकदा मनातली. ती हवेत पडलेली पावलं काठीनं बंद झाली.

आणि काठी नुसतं "अडथळा आहे" एवढंच सांगत नाही. फरशी संपून सिमेंट लागलं की हाताला कळतं, झाकणाखाली पोकळी असेल तर टकटक वेगळी येते, बोळाच्या तोंडाशी आल्यावर तिचा आवाज भिंतीवरून परत यायचा थांबतो. पहिल्या महिन्यात यातलं काहीच कळत नाही, नुसता खडखडाट असतो. म्हणूनच पट्टी. बाईंनी डोळ्यांवर पट्टी बांधून शिकायला सांगितलं तर नाही म्हणू नका. थोडी दृष्टी असली की डोळे लुडबुड करतात. आपण काठीचं टोक बघत बसतो आणि हात काय सांगतोय ते ऐकतच नाही. मला पट्टीचा राग यायचा, पण दुपारी पट्टीखाली शिकलेलंच रात्री कामाला आलं. हे मात्र शिकवणारं माणूस सोबत असतानाच करायचं. एकट्यानं पट्टी बांधून रस्त्यावर जाऊ नका.

काठी कमरेच्या वरचं काही सांगत नाही. झाडाची फांदी, उघडी खिडकी, ट्रकचा मागे आलेला लोखंडी भाग हे सगळं थेट कपाळावर येतं. पुढे छज्जा असलेली टोपी घालत जा, फांदी आधी तिला लागते. विजेवर चालणाऱ्या गाड्या हळू असताना फार कमी आवाज करतात, तेव्हा 'काही ऐकू येत नाही म्हणजे रस्ता मोकळा' हा जुना हिशेब सोडा. मदत करणारे दंड पकडून किंवा काठीच धरून ओढतात, त्यांना "मला धरू नका, मी तुमचं कोपर धरतो" एवढं सांगायचं. आपण कोपर धरून अर्धं पाऊल मागे राहिलो की त्यांच्या शरीराच्या हालचालीवरून पायरी आणि वळण आपोआप कळतं.

आईंचं काय करायचं? 'आंधळ्याची काठी' आपण म्हणतो ते म्हातारपणच्या आधाराला, बहुतेक वेळा मुलाला. तुमच्या आईंच्या हिशेबी ती काठी तुम्ही आहात, आणि तुमच्याच हातात काठी आली, तेव्हा त्यांना काय वाटत असेल ते समजण्यासारखं आहे. माझी आई काठी दाराच्या मागे ठेवायची, पाहुण्यांना दिसू नये म्हणून. घरच्यांना पट्टी बांधून चालायला लावा असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. मला तो पटत नाही. दोन मिनिटं पट्टी बांधून माणूस फक्त घाबरतो आणि "माझं लेकरू रोज असं जगतं" म्हणून आणखी रडतो. त्यापेक्षा दोन-तीन महिने शिकून झालं की आईंना एका धड्याला न्या आणि दहा पावलं मागून, न बोलता चालायला सांगा. माझी आई तशी चालली. परत आल्यावर काही बोलली नाही, पण त्या दिवसापासून काठी दाराच्या पुढे, चपलांशेजारी असते.

अगदी शेवटी तुम्ही ओझरतं लिहिलंय की कधीकधी भिंतीवर जाळी आणि फुलं दिसतात आणि हे घरी सांगितलेलं नाही. डोळ्यांकडून येणारी माहिती कमी झाली की मेंदू रिकाम्या जागी स्वतःची चित्रं भरतो. चार्ल्स बॉने या स्विस निसर्ग अभ्यासकांनी आपल्या आजोबांच्या बाबतीत हे १७६० साली नोंदवलं, म्हणून त्याला चार्ल्स बॉने सिंड्रोम म्हणतात. ते वेड नव्हे. तरी डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा, म्हणजे दुसरं काही कारण नाही ना ते तपासता येईल. आणि बायकोला आजच सांगा.

काठी आज रात्री कपाटातून काढा. मूठ धरून बाकीचे तुकडे खाली सोडले की आतलं इलास्टिक त्यांना खट-खट-खट करत जुळवतं. एखादा सांधा ढिला राहिला तर इलास्टिक सैल झालंय, ते बदलून घ्या. टोक कसलं आहे तेही बोटानं बघून मला कळवा. पेन्सिलसारखं बारीक असेल तर ते प्रत्येक फटीत अडकेल आणि तुम्ही दोन दिवसांत काठी परत कपाटात टाकाल. फिरणारं, गोळ्यासारखं टोक मिळतं, ते बसवूनच बाईंना फोन करा.