डोंगरातले हायवे टिकतात कसे?

प्रश्न: ताम्हिणी घाटात पावसाळ्यात दरडी येतात, मग कोलंबियासारख्या डोंगराळ, पावसाच्या देशात हायवे टिकतात तरी कसे? (एक वाचक, कोथरूड, पुणे)

उत्तर: तिथंही दरडी कोसळतातच हो! बोगोटाहून बुएनाव्हेंतुरा बंदराकडे जाणारे ट्रक अँडीज ओलांडताना ३,००० मीटरच्या वर चढायचे, नुसती वळणं, धुकं, त्यात एखादा ट्रक बंद पडला की मागे सगळं ठप्प, म्हणून त्या वाटेवरच्या ला लिनेआ खिंडीखालून साडेआठ किलोमीटरहून लांब बोगदा खणला, २०२० मध्ये सुरू झाला. पण बोगदा सगळीकडे परवडत नाही. खरा त्रास पाण्याचा, ते मुरलं की माती जड होते, पकड सुटते आणि उतार घसरतो, त्यामुळे डोंगर कापला की वर चर, कडेला गटार, रस्त्याखालून पाणी जायला मोरी हवीच, आणि आपल्याकडे हे सगळं जूनच्या आधी साफ व्हायला पाहिजे, नुसतं डांबर टाकून काय उपयोग?