व्हिडिओ उडाला, नंबर कुणाला कळला?

प्रश्न : आमच्या बोळात गटार तुंबलंय, त्यात नळाला पाणी पाच दिवसाआड, म्हणून मोबाईलवर व्हिडिओ काढून माझ्या पेजवर टाकला, त्यात शिवी नाही काही नाही. दोन दिवसांत सहा-सात हजार जणांनी बघितला आणि मग गायबच की हो! 'नियमांचं उल्लंघन' एवढाच मेसेज. त्याच संध्याकाळी अनोळखी नंबरवरनं फोन, "ताई, कशाला टाकता असलं?" घामच फुटला. माझा नंबर त्याला कुठनं मिळाला आणि आता पोलीस केस होते का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, आधी नंबरचं बघू. तुमचं पेज उघडलं तर वरच शेंगाचटणीचा फोटो आणि खाली ठळक दहा आकडे, 'ऑर्डरसाठी व्हॉट्सॲप करा'. नंबर कुणी चोरला नाही हो, तुम्हीच टांगलाय! धंद्याला लागतोच म्हणा, पण त्यासाठी वेगळं सिम घ्या, घरचा नंबर आजच काढा. परत फोन आला तर वाद घालू नका, रेकॉर्ड करून ठेवा.

केसचं म्हणाल तर 2012 मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुक पोस्टवरनं अटक झालेली, त्यातल्या एकीने तर नुसतं लाईक केलेलं. त्यात लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं 66अ कलम (ऑनलाईन आक्षेपार्ह मजकुराबद्दलचं) सुप्रीम कोर्टाने 2015 मध्ये रद्दच केलं. बदनामीची वगैरे कलमं अजून आहेत, पण तुम्ही कुणाचं नावच घेतलेलं नाही, तुंबलेलं गटार दाखवलंत, त्याला कोण काय करणार?

आता व्हिडिओ उडवला कुणी? त्याच कायद्याच्या 69अ कलमाखाली सरकार पोस्ट बंद करायला लावू शकतं, आणि त्या कलमाच्या 2009 च्या नियमांत ते गुप्त ठेवायचं असंही लिहिलंय, म्हणजे ज्याची पोस्ट गेली त्यालाच पत्ता नाही, मला हे अजिबात पटत नाही. पण ते कलम देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था असल्या गोष्टींसाठी, गटारासाठी नाही. चार जणांनी मिळून रिपोर्ट मारला असेल हीच शक्यता जास्त. आणि एक सांगू का, तुम्ही पाठवलेल्या कॉपीत शेजारचं लेकरू उघडंच अंघोळ करताना दिसतंय, त्याच्या आईनेही केला असेल, आणि तिचं काय चुकलं?

तेवढा भाग कापा. ॲपमध्येच अपील करा, नाही जमलं तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा, त्याचं उत्तर पटलं नाही तर 30 दिवसांत सरकारच्या अपील समितीकडे ऑनलाईन जाता येतं. मेसेजचा स्क्रीनशॉट मात्र जपा.

नवा नंबर घेतला की कळवा, अर्धा किलो चटणी हवीय.